लाकडी कोळसा पेटतो पण धग टिकत नाही : काय काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

झाकणाच्या ग्रिलमध्ये किंवा स्मोकरमध्ये (म्हणजे मंद धगीवर, धुरात तासन्तास शिजवायची बंद शेगडी) लाकडी कोळसा वापरत असाल तर आधी लक्षणं बघा, तुमचं ह्यातलं कुठलं आहे ते ठरवा, मग पुढचं वाचा.

सगळ्यात जास्त वेळा येणारं म्हणजे कोळसा झकास पेटतो, वीसेक मिनिटं लालबुंद असतो, मग झाकण लावलं की पाऊण तासाच्या आत धग उतरते, आणि उघडून बघितलं तर अर्धा कोळसा काळाच्या काळा शिल्लक. दुसरं, कोळसा पेटायलाच तास घेतो, पुठ्ठ्याने वारा घातला की लाल, हात थांबला की काळा. तिसरं, धग आहे पण दाट पांढरा धूर, डोळ्यांची आग, आणि चिकनला किंवा पनीरला कडवट जळकी चव. चौथं, कोळसा तडतडतो आणि ठिणग्या अंगावर येतात. पाचवं ह्या सगळ्यांच्या उलट, धग आवरतच नाही, स्मोकर ११० डिग्रीला ठेवायचाय म्हणून सगळं बंद केलं तरी थर्मामीटरचा काटा १८० वर आणि दोन तासांत कोळशाची राख.

मी पुण्यात सिंहगड रोडला राहते, गेली नऊ वर्षं घरगुती ऑर्डरींसाठी ग्रिल आणि स्मोकर दोन्ही चालवते, आणि हे असले फोन मला वर्षातून दोनदा ढिगाने येतात, एकदा गटारीला आणि एकदा थर्टीफर्स्टला. गटारी म्हणजे आषाढातली अमावास्या, म्हणजे भर पावसाळा, आणि कोळशाचं पोतं तेव्हा गच्चीच्या जिन्याखाली दोन महिने दमट हवा खात बसलेलं असतं, त्यामुळे त्या दिवशी फोन येणारच हे मला माहीत असतं. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी फोन करणाऱ्याने एकच गोष्ट आधीच करून टाकलेली असते, ती म्हणजे धग कमी वाटली म्हणून वरून अजून कोळसा ओतलेला असतो. तिथेच आग मरते. कोळसा कमी पडलाय असं फार क्वचित असतं, बहुतेक वेळा हवा कमी पडलेली असते आणि नवीन कोळशाने उरलीसुरली वाट पण बंद होते. म्हणून खालच्या क्रमानेच जा, पहिल्या तीन गोष्टींना एक रुपया लागत नाही.

वरचं भोक उघडं आहे का

बघा, झाकणावर एक फिरणारी चकती असते आणि खाली बुडाला एक, काही जण त्याला व्हेंट म्हणतात काही जण झडप. लोकांना वाटतं वरची बंद ठेवली की उष्णता आत कोंडून राहील, आणि धूर पण आत राहील म्हणजे चव चांगली येईल. दोन्ही चूक. गरम हवा वरून बाहेर जाते म्हणूनच खालून ताजी हवा ओढली जाते, वरचं तोंड बंद केलं की खालचं कितीही उघडं ठेवा, ओढच राहत नाही. जुन्या घरांत चुलीच्या वर धुराडं असायचं ते ह्याच कामाचं. म्हणून वरची चकती पूर्ण उघडी, निदान अर्ध्याच्या वर, आणि धग कमीजास्त करायची ती खालच्या झडपेने. खालची पूर्ण उघडी म्हणजे ग्रिलिंग, खालची बोटभर उघडी म्हणजे स्मोकिंग. चकती तेलाने चिकटून बसली असेल तर ती वरवर उघडी दिसते पण आत पापुद्रा असतो, टॉर्च लावून बघा, जुन्या स्क्रूड्रायव्हरने खरवडून टाका.

आणि झाकण सारखं सारखं उघडू नका. उघडलं की धग वाढल्यासारखी वाटते कारण कोळशाला एकदम भरपूर हवा मिळते, पण पदार्थाभोवतीची गरम हवा निघून गेलेली असते, आणि कोळसा मात्र दुप्पट वेगाने संपतो.

राख

आजीला चूल पेटवताना ज्यांनी बघितलंय त्यांना हे सांगायला नको, सकाळी पहिलं काम कालची राख काढायची, मगच लाकडं. बार्बेक्यूच्या बाबतीत मात्र आपण विसरतो, कारण राख खाली पडते आणि दिसत नाही. ब्रिकेटच्या (म्हणजे कोळशाची भुकटी दाबून केलेल्या ठोकळ्यांच्या) मानाने लाकडी कोळशाची राख कमी होते हे खरं, पण त्याची बारीक चूर जाळीतून खाली गळते आणि नेमकी खालच्या भोकांवर साचते. मागच्या डिसेंबरात धायरीला एकाकडे गेले होते, नवीन स्मोकर, महागातला कोळसा, सगळं उत्तम, आणि खालचं राखेचं भांडं गच्च भरून झडपेच्या वर आलेलं. ते रिकामं केलं आणि पंधरा मिनिटांत काटा हलला, दुसरं काहीही केलं नाही. दर वेळी पेटवायच्या आधी राख काढा, आणि स्मोकिंग पाच-सहा तासांचं असेल तर मध्ये एकदा खालून सळई फिरवा.

फक्त काढलेली राख लगेच प्लास्टिकच्या पिशवीत किंवा सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. वरून गार दिसते पण आतला निखारा दुसऱ्या दिवशी पण जिवंत असतो. झाकणाची पत्र्याची बादली ठेवा, दोन दिवस तशीच राहू द्या.

कोळसा रचलाय की ओतलाय

लाकडी कोळशाची खरी मेख इथे आहे आणि माझ्या मते निम्म्या तक्रारी ह्या एका गोष्टीने मिटतात. ब्रिकेट सगळे एका मापाचे, कसेही ओता, मध्ये फटी आपोआप राहतात. लाकडी कोळसा म्हणजे फांद्यांचे तुकडे, एक नारळाएवढा, एक सुपारीएवढा, आणि पोत्याच्या तळाला नुसती भुकटी. ते पोतं तसंच उपडं केलं की भुकटी आणि बारीक तुकडे मोठ्यांच्या फटींमध्ये जाऊन बसतात, आणि मग खालून हवा यायला जागाच नाही. पेटतो फक्त वरचा थर, तो वीस मिनिटांत जळून जातो, आणि खालचा काळाच राहतो. पहिलं लक्षण आठवा, अगदी तेच.

मी पोतं आणलं की जुन्या वाळूच्या चाळणीवर ओतते. चाळणीतून पडलेली चूर वेगळी, ती ग्रिलला वापरायचीच नाही. वरच्यातले मोठे तुकडे वेगळे, मूठभर मापाचे वेगळे. रचताना मोठे खाली, मध्यम त्यावर, लहान सगळ्यात वर. नारळाएवढा तुकडा असेल तर फोडून घ्या, तो आतपर्यंत पेटायला फार वेळ घेतो. आणि जाळीवर कोळसा दाबायचा नाही, हलका हलका ठेवायचा, मधून बोट जाईल इतक्या फटी दिसल्या पाहिजेत. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस भाजणाऱ्या मावश्यांची शेगडी कधी नीट बघा, ओंजळभरच कोळसा असतो, एकसारख्या बारीक तुकड्यांचा, आणि त्या एका हाताने वारा घालत एका वेळी एकच कणीस फिरवतात. तिथे लहान तुकडे चालतात कारण थर पातळ आहे आणि वारा सतत चालू आहे. आपल्या बंद झाकणाच्या खाली दहा इंच थर लावून तेच तुकडे वापरले की गुदमरणार.

लांब स्मोकिंगला मी सगळा कोळसा आधी पेटवत नाही. न पेटलेला नीट रचून ठेवायचा, मध्ये एक खळगा करायचा, आणि दहा-बारा पेटते निखारे त्या खळग्यात. आग सावकाश कडेला सरकत जाते आणि चार-पाच तास हात लावावा लागत नाही.

पेटायला पुरेसा वेळ दिला का

लाल दिसला म्हणजे तयार झाला असं नाही. निखाऱ्यावर राखाडी-पांढरा पातळ थर आला पाहिजे, तोवर पदार्थ ठेवायचा नाही. ह्याला चिमणी स्टार्टरमध्ये पंधरा ते वीस मिनिटं लागतात. चिमणी स्टार्टर म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा, खालच्या भागात जाळी आणि भोकं. रविवार पेठेत बोहरी आळीत पत्र्याच्या वस्तू मिळतात तिथे विचारा, नाहीतर पाच लिटरच्या तेलाच्या डब्याला भोकं पाडून पण होतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा मात्र नको, जास्त तापल्यावर त्याचा धूर बाधतो.

खाली रद्दीचे दोन कागद, त्यावर चमचाभर गोडेतेल, आणि नारळाच्या करवंटीचे चार तुकडे. करवंटी जोरात जळते आणि वास ठेवत नाही. रॉकेल, थिनर, पेट्रोल ह्यातलं काहीही नको, पदार्थाला वास लागतो हे एक आणि पेटत्या कोळशावर ओतलं तर ज्वाळ बाटलीपर्यंत येते हे दुसरं, ह्यात मी कुणाचंही काही ऐकून घेत नाही.

कोळसा ओला आहे का

आता थोडे कष्ट. लाकडी कोळशाला आतून असंख्य बारीक छिद्रं असतात, तो हवेतला दमटपणा ओढून घेतो. हाताला कोरडा लागतो त्यामुळे कुणाचा विश्वास बसत नाही, म्हणून मी वजन करून दाखवते. मागच्या ऑगस्टमध्ये मैत्रिणीच्या पोत्यातला बरोबर १ किलो मोजून घेतला, घरात पंख्याखाली पसरून चार दिवस ठेवला, परत मोजला तर ८७० ग्रॅम. म्हणजे १३० ग्रॅम पाणी तिने कोळशाच्या भावाने घेतलेलं, आणि ते पाणी उडवण्यात सुरुवातीची सगळी धग जात होती. उशिरा पेटणं, वारा थांबला की काळा पडणं, तडतड, हे सगळं बऱ्याचदा ह्या पाण्यामुळे. तुकड्याच्या आत अडकलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडताना तुकडा फोडतं, त्याच त्या ठिणग्या.

उपाय सोपा आहे पण वेळेवर करावा लागतो. पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन काय असतं आपल्याला माहीत आहे, वर्षाचा कोळसा तेव्हा घ्या, गच्चीवर दोन दिवस पसरा, आणि घट्ट झाकणाच्या पिंपात भरून ठेवा, पिंप फरशीवर नको, दोन विटांवर. पावसाळ्यात वेळ आलीच तर निदान आदल्या दिवशी घरात पसरून पंखा लावा. पेटत्या ग्रिलच्या कडेला पोतं सुकायला ठेवायचा प्रयोग करू नका, एक ठिणगी बस होते.

कोळसा कच्चा आहे का

सुकवून, चाळून, नीट रचून पण पांढरा दाट धूर येतोय, तर कोळसाच अर्धा कच्चा आहे. कोळसा म्हणजे लाकूड कमी हवेत तापवून त्यातलं पाणी, डांबरासारखे पदार्थ, वायू काढून टाकलेले. भट्टी लवकर उघडली तर आत लाकूडच शिल्लक राहतं, आणि ते तुमच्या ग्रिलमध्ये जळतं, मग तो कडवट धूर. ओळखायचं कसं, तर कुंभारवाड्यात माठ घेताना आपण वाजवून बघतो तसं. दोन तुकडे एकमेकांवर आपटा, पक्का कोळसा खणखणीत वाजतो, कच्चा किंवा ओला ठप्प आवाज देतो. मोडून बघा, पक्का आतपर्यंत काळा आणि चकचकीत, कच्च्याच्या आत तपकिरी रेषा दिसतात, आणि तो हाताने पटकन तुटत नाही. वखारीत हे करून बघायला कुणी नाही म्हणत नाही. मी ज्यांच्याकडून घेते ते काका तर स्वतःच दोन तुकडे वाजवून दाखवतात, "ताई, बाभळीचा आहे, आवाज ऐका." बाभळीचा जड असतो, जास्त वेळ टिकतो. हलक्या लाकडाचा पटकन पेटतो आणि पटकन संपतो.

आलाच कच्चा माल तर फेकू नका, झाकण उघडं ठेवून पूर्ण पांढरा होईपर्यंत जळू द्या आणि नंतरच पदार्थ ठेवा. दगडी कोळसा मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी खाण्याच्या कामाला अजिबात नाही, त्यात गंधक असतं.

स्मोकिंगसाठी वरून लाकूड टाकता तेव्हा पण धूर बघा. पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर हवा. लाकूड भिजवून टाकायची गरज नाही, भिजवल्याने आधी वाफच येते. आंबा, पेरू, चिंच ह्यांचं सुकलेलं लाकूड उत्तम, मुठीएवढे दोन-तीन तुकडे पुरतात. प्लायवूड, रंगवलेलं फर्निचर, पॅकिंगच्या पेट्या नको. आणि सोसायटीच्या बागेत छाटणी झाली म्हणून कुठल्याही फांद्या उचलू नका, त्यात कण्हेर असते, पुण्यात रस्त्याच्या दुभाजकांवर पण सगळीकडे आहे, आणि ती विषारी आहे, धूरसुद्धा.

काटा खरं बोलतोय का

झाकणावरच्या थर्मामीटरवर एवढा विश्वास ठेवू नका. एकतर तो झाकणाच्या उंचीवरचं तापमान सांगतो, जाळीवरचं नाही. दुसरं म्हणजे तो बिघडलेला असू शकतो. नट सैल करून काढा आणि त्याची दांडी उकळत्या पाण्यात धरा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे त्यामुळे आपल्याकडे पाणी १०० ला नाही, ९८ च्या आसपास उकळतं, तेवढा आकडा आला तर काटा ठीक. दहा-पंधराने चुकत असेल तर बदला. आणि चिकन शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नका, टोचायचा थर्मामीटर घ्या, सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकता, ७४ डिग्री.

गळती

हे पाचव्या लक्षणासाठी. सगळं बंद करून पण धग वाढतेय म्हणजे हवा नको तिथून आत येतेय. संध्याकाळी, वारा नसताना पेटवा, दोन तुकडे लाकूड टाका आणि वरचं भोक मिनिटभर बंद करून बघा धूर कुठून बाहेर पडतो, झाकणाच्या कडेने, दाराच्या फटीतून, पायांच्या बोल्टपाशी. जिथून धूर बाहेर येतो तिथून एरवी हवा आत जाऊ शकते. खात्री करायला दमाच्या बिर्याणीला लावतो तशी कणीक लावा. कणीक लावल्यावर काटा खाली आला तर निदान पक्कं. एका वेळेपुरतं तेवढं पुरतं, नंतर भट्टीच्या दाराला लावतात ती काचेच्या धाग्याची दोरी आणि उष्णतेला टिकणारं सीलंट लावून घ्या. साधं सिलिकॉन नको, ते ह्या तापमानाला टिकत नाही.

इथे थांबा

इथपर्यंत करून फरक पडला नाही तर दोष शेगडीच्या बांधणीत आहे, आणि तिथे घरी ठोकाठोकी करू नका. जाळी बुडाला टेकलेली असेल तर खाली हवा फिरायला जागाच नसते, ती निदान तीन-चार इंच वर पाहिजे, हे फॅब्रिकेटरला दाखवून करून घ्या. बूड गंजून आरपार झालं असेल, पाय डुगडुगत असेल, किंवा मातीच्या जाड स्मोकरला आरपार तडा असेल तर तो पेटवायचाच नाही. दोनशे लिटरच्या जुन्या पिंपाचा स्मोकर करायचा असेल तर आधी त्यात काय भरलेलं होतं हे विचारा. केमिकलचं पिंप असेल तर ते फुकट मिळालं तरी घेऊ नका, आणि कुठलंही बंद जुनं पिंप घरी ग्राइंडरने कापायला घेऊ नका, आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

गच्चीवर वॉटरप्रूफिंगच्या थरावर थेट शेगडी ठेवून तो फुगला किंवा भेगाळला असेल तर बंद करा आणि सोसायटीला सांगून वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा. चरबीने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, झाकण लावून वरखाली दोन्ही भोकं बंद करायची, आणि तरी ज्वाळ बाहेर येत असेल तर लांब व्हा आणि १०१ लावा.

आणि शेवटचं, जे मी फोनवर सगळ्यात आधी विचारते, शेगडी कुठे ठेवलीय. आपल्याकडे निम्म्या फ्लॅटांच्या बाल्कन्या स्लायडिंग खिडक्या लावून बंद केलेल्या असतात, पाऊस आला की लोक ग्रिल तिथे ओढतात, आणि थंडीत उरलेले निखारे उबेसाठी खोलीत नेतात. कोळशाच्या धुमसण्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि कोळशाला हवा जितकी कमी तितका तो जास्त निघतो, म्हणजे वर सांगितलेली गुदमरलेली शेगडी सगळ्यात धोक्याची. एक खिडकी उघडी ठेवून भागत नाही. उघडी गच्ची किंवा अंगण, नाहीतर त्या दिवशी गॅसवर तवा.

डोकं जड, चक्कर, मळमळ, आणि एकाच वेळी दोघा-तिघांना होतंय, तर ते जागरण किंवा पित्त समजू नका. दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. घरातला ऑक्सिमीटर बोटाला लावून ९८ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कार्बन मोनॉक्साइड हा यंत्राला फसवणारा वायू आहे, साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन आणि हा ह्यातला फरक कळत नाही. आणि दवाखान्यात गेल्यावर कुणी विचारायची वाट न बघता सांगा की कोळशाच्या शेगडीजवळ बंद जागेत बसलो होतो, म्हणजे डॉक्टर रक्ताची नेमकी तपासणी करतील.